ले मान्सची २४ तासांची शर्यत घरी बसून कशी पाहावी

मी पहिल्यांदा ले मान्सची शर्यत लावली तेव्हा दीड तासात बंद केली. पडद्यावर बासष्ट गाड्या होत्या. मधूनच एखादी लाल गाडी तीन गाड्यांना मागे टाकून जायची, समालोचक ओरडायचे, आणि ज्यांना मागे टाकलं ते तिच्याशी स्पर्धाच करत नव्हते असं नंतर कळायचं. मी फक्त "पहिला कोण?" एवढंच शोधत होतो आणि तिथेच चुकत होतो. ही शर्यत पहिल्या गाडीवर नजर ठेवून समजत नाही. प्रत्येक गटातली एकेक गाडी धरून तिच्या मागे चोवीस तास चालावं लागतं. ते कसं करायचं, हे खाली क्रमाने लिहिलं आहे. मोटारींची फारशी माहिती नसली तरी चालेल. एक वही, फोन आणि थोडा धीर एवढं पुरे.

आधी घड्याळ जुळवा

फ्रान्सच्या सार्थ परगण्यात, पॅरिसपासून सुमारे २०० किलोमीटरवर ले मान्स हे गाव आहे. १९२३ पासून तिथे ही शर्यत होते, सहसा जूनच्या दुसऱ्या किंवा तिसऱ्या शनिवार-रविवारी. सुरुवात तिथल्या दुपारी ४ वाजता होते, म्हणजे आपल्याकडे शनिवारी संध्याकाळी ७:३०. शेवट रविवारी संध्याकाळी ७:३०.

जूनमध्ये तिथे सूर्य रात्री दहाच्या सुमारास मावळतो आणि सकाळी सहाच्या सुमारास उगवतो. आपल्या घड्याळात तिथला अंधार रात्री दीडला सुरू होतो आणि सकाळी साडेनऊपर्यंत टिकतो. तिथली मध्यरात्र आपल्या पहाटे साडेतीनला येते. झोपेची आखणी याच हिशेबाने करायची आहे, त्यामुळे या वेळा वहीच्या पहिल्या पानावर मोठ्या अक्षरात लिहून ठेवा.

चित्र अधिकृत ॲपवर पैसे भरून दिसतं. भारतात कोणत्या वाहिनीवर दाखवतील हे बदलत असतं, म्हणून आठवडाभर आधी खात्री करून घ्या. त्याशिवाय रेडिओ ले मान्सचं इंग्रजी समालोचन इंटरनेटवर फुकट ऐकता येतं. ते फोनवर लावून ठेवाच. जूनचा मध्य म्हणजे आपला पाऊस नुकता सुरू झालेला असतो. एका वर्षी आमच्याकडे रात्री अडीचला वीज गेली ती पावणेसहाला आली. तेवढी रात्र मी अंधारात फोन कानाला लावून काढली आणि एकही महत्त्वाची गोष्ट चुकली नाही. शनिवारी दुपारीच फोन आणि पॉवर बँक भरून ठेवा.

एका रस्त्यावर तीन शर्यती

मुंबई मॅरेथॉनमध्ये पूर्ण आणि अर्ध मॅरेथॉनचे धावपटू एकाच रस्त्यावर येतात, पण एकमेकांचे प्रतिस्पर्धी नसतात. ले मान्समध्येही तसंच आहे, फक्त वेगातला फरक फार मोठा आहे. २०२५ मध्ये बासष्ट गाड्यांची वाटणी अशी होती: २१ हायपरकार, १७ एलएमपी२ आणि २४ एलएमजीटी३.

हायपरकार हा सर्वांत वरचा गट. फेरारी, टोयोटा, पोर्शे, कॅडिलॅक, बीएमडब्ल्यू, अल्पिन, पेजो, ॲस्टन मार्टिन अशा कंपन्यांच्या गाड्या २०२५ मध्ये इथे होत्या. संपूर्ण शर्यतीचा विजेता याच गटातून येतो. वेगवेगळ्या पद्धतीने बांधलेल्या या गाड्या बरोबरीने लढाव्यात म्हणून आयोजक प्रत्येक मॉडेलला वजन आणि ताकद ठरवून देतात. याला बॅलन्स ऑफ परफॉर्मन्स म्हणतात आणि त्यावरून दरवर्षी भांडणं होतात. मला ती पद्धत पटते. तिच्याशिवाय एवढ्या कंपन्या एकत्र टिकल्या नसत्या.

एलएमपी२ मध्ये सगळ्यांकडे जवळपास एकच गाडी असते: ओरेका ०७, मागे गिब्सनचं ४.२ लिटरचं व्ही८ इंजिन. गाडीत फरक नाही, त्यामुळे फरक दिसतो तो चालक आणि संघाच्या कामात. जागतिक अजिंक्यपद मालिकेतून हा गट २०२४ पासून वगळला, पण ले मान्समध्ये तो राहिला. चांगलं झालं.

एलएमजीटी३ म्हणजे रस्त्यावर दिसणाऱ्या स्पोर्ट्स कारच्या शर्यतीसाठी बदललेल्या आवृत्त्या: पोर्शे ९११, कॉर्व्हेट, फोर्ड मस्टँग, बीएमडब्ल्यू एम४. रात्री त्यांना ओळखायची सोपी खूण म्हणजे हेडलाइट. या गाड्यांचे दिवे पिवळे असतात, वरच्या दोन गटांचे पांढरे.

आणखी एक गोष्ट इथेच समजून घ्या, कारण पुढचं बरंच काही तिच्यावर उभं आहे. प्रत्येक गाडीला तीन चालक. चालकांना प्लॅटिनम, गोल्ड, सिल्व्हर, ब्रॉन्झ अशा श्रेणी असतात आणि एलएमजीटी३ च्या प्रत्येक गाडीत एक ब्रॉन्झ चालक असावाच लागतो. ब्रॉन्झ म्हणजे बहुतेक वेळा स्वतःचा उद्योग-व्यवसाय सांभाळून शर्यतीत उतरणारा माणूस. त्याला ठरलेला किमान वेळ गाडी चालवावीच लागते. त्यामुळे या गटातला क्रमांक पहिल्या अर्ध्या शर्यतीत फसवा असतो. आठव्या क्रमांकावरच्या गाडीने ब्रॉन्झचा वेळ संपवलेला असेल आणि पहिल्या गाडीचा अजून बाकी असेल, तर खरी पुढे कोण आहे ते तुम्हीच सांगा.

तीन गाड्या निवडा

प्रत्येक गटातून एक. निवडीला मोठं कारण लागत नाही. रंग आवडला, आवाज आवडला, चालक ओळखीचा आहे, काहीही चालेल. मोटोजीपी बघणाऱ्यांना व्हॅलेंटिनो रॉसी माहीत असतोच. तो २०२४ आणि २०२५ मध्ये बीएमडब्ल्यूच्या ४६ क्रमांकाच्या एलएमजीटी३ गाडीत होता. भारतीय नाव हवं असेल तर करुण चंढोक २०१२ मध्ये जेआरएम संघाकडून धावला आणि त्याची गाडी एकूण सहावी आली. त्याआधी २००९ मध्ये नारायण कार्तिकेयनला संधी होती, पण शर्यतीच्या तोंडावर पिटच्या (इंधन-टायरसाठी गाड्या थांबतात त्या जागेच्या) भिंतीवरून पडून त्याचा खांदा दुखावला आणि तो उतरू शकला नाही.

खालच्या गटातली गाडी निवडताना कमीपणा वाटू देऊ नका. २०२१ मध्ये एलएमपी२ मध्ये डब्ल्यूआरटी संघाची ४१ क्रमांकाची गाडी गटात पुढे होती आणि शेवटच्या फेरीत बंद पडली. त्याच संघाची ३१ क्रमांकाची गाडी ०.७२७ सेकंदाने गट जिंकली. बंद पडलेल्या गाडीच्या तीन चालकांपैकी दोघे होते रॉबर्ट कुबिझा आणि यी यिफेई. २०२५ मध्ये हेच दोघे फिल हॅन्सनबरोबर पिवळ्या ८३ क्रमांकाच्या फेरारीत होते आणि त्यांनी संपूर्ण शर्यत जिंकली. २०११ च्या रॅलीतल्या अपघातात उजवा हात जवळजवळ निकामी झालेल्या कुबिझाने शेवटचा टप्पा स्वतः चालवला. ज्यांनी २०२१ मध्ये ४१ क्रमांक धरला होता, त्यांना त्या संध्याकाळी जे वाटलं ते बाकीच्यांना वाटणं शक्य नव्हतं.

नकाशा हाताने काढा

सर्किटची एक फेरी १३.६२६ किलोमीटरची आहे. बराचसा भाग एरवी गावकऱ्यांच्या गाड्या जातात तो साधा सार्वजनिक रस्ता आहे. इंटरनेटवरचा नकाशा बघून तो वहीत हाताने काढा. छापील नकाशा नुसता बघितला जातो, काढलेला लक्षात राहतो.

त्यावर एवढी ठिकाणं लिहा: सुरुवातीचा सरळ रस्ता आणि पिट, डनलॉपचा पूल, एसेसची वळणं, तेर्त्र रूज, मग सुमारे सहा किलोमीटरचा मुल्सान सरळ रस्ता आणि त्यावरच्या दोन शिकेन (वेग कमी करायला लावणारी मुद्दाम घातलेली वळणं), मुल्सान कॉर्नर, इंडियानापोलिस, लगेच आर्नाज, मग पोर्शे वळणं आणि शेवटी फोर्ड शिकेन. मुल्सानवर १९८८ मध्ये एका गाडीने ताशी ४०५ किलोमीटरचा वेग गाठला होता. त्यानंतर १९९० मध्ये त्या रस्त्यावर दोन शिकेन घातल्या गेल्या.

टायमिंगचा पडदा आणि वही

चित्र एका पडद्यावर, टायमिंग, म्हणजे गाड्यांच्या वेळा आणि क्रमांकांचा चालू तक्ता, दुसऱ्यावर. फोन पुरतो. टायमिंगमध्ये एकूण क्रमांक आणि गटातला क्रमांक असे दोन रकाने असतात. एकूण क्रमांक सोडून द्या, गटातला वाचा. मग तुमच्या गाडीसमोर चालकाचं नाव, शेवटच्या फेरीची वेळ, पुढच्या गाडीशी अंतर आणि पिट स्टॉपची संख्या बघा.

हायपरकारची चांगली फेरी सुमारे साडेतीन मिनिटांची, एलएमजीटी३ ची चार मिनिटांच्या जरा आत. हे दोन आकडे पाठ झाले की कुणाचं बिनसलं आहे ते लगेच दिसतं.

वहीत प्रत्येक गाडीला एक पान. रकाने चारच: वेळ, काय झालं, आत कोण बसला, गटात कितवा. "१०:५०, पिट, टायर बदलले, ब्रॉन्झ बसला, ९ वा." एवढी नोंद पुरे. दर पिट स्टॉपला एक ओळ लिहिली तर सकाळपर्यंत पान भरतं आणि झोपून उठल्यावर गोष्ट कुठे सोडली होती ते शोधावं लागत नाही. माझ्या भाचीला मी एका वर्षी एलएमजीटी३ चं पान दिलं. रात्री साडेअकराला तिने मला सांगितलं, "मामा, आपली गाडी अकरावी दिसतेय, पण पुढच्या सात जणांचा ब्रॉन्झ अजून संपला नाहीये." समालोचकांनी ते त्यानंतर वीस मिनिटांनी सांगितलं.

ओव्हरटेक बघायला शिका

या शर्यतीचा जीव इथे आहे, म्हणून इथे जरा थांबू.

हायपरकार एका फेरीत जीटी (म्हणजे एलएमजीटी३) गाडीपेक्षा सुमारे अर्धा मिनिट लवकर येते. म्हणजे साधारण सात-आठ फेऱ्यांत ती त्याच जीटी गाडीला पुन्हा गाठते. अशा चोवीस जीटी. मांडून बघितलं तर आघाडीच्या गाडीला दर फेरीत सरासरी तीन जीटींना ओलांडावं लागतं, एलएमपी२ वेगळ्या. दिवसभरात हा आकडा हजाराच्या आसपास जातो. त्यातला एक जरी चुकला तरी शर्यत संपते.

२०११ साली ऑडीच्या तीन गाड्या होत्या. पहिल्याच तासात ॲलन मॅकनिशची गाडी डनलॉपजवळ एका जीटी फेरारीला लागली आणि भिंतीवर आदळून तिचे तुकडे झाले. रात्री माइक रॉकेनफेलरची गाडी मुल्सान कॉर्नर आणि इंडियानापोलिसच्या मध्ये दुसऱ्या एका फेरारीला ओलांडताना उडाली. दोघेही चालक वाचले. उरलेल्या एका ऑडीने १३.८५४ सेकंदांनी शर्यत जिंकली. संघाचा वेग तिन्ही गाड्यांत तेवढाच होता. दोन गाड्या संथ गाडी ओलांडताना गेल्या.

नियम असा की मागून येणाऱ्या वेगवान गाडीने वाट शोधायची. संथ गाडीला निळा झेंडा दाखवतात, पण तिने घाबरून बाजूला व्हायचं नसतं, आपली ओळ धरून राहायचं. आपल्या घाटातही हाच अनुभव आहे. सरळ आपल्या लेनमध्ये चाललेल्या ट्रकला ओलांडणं सोपं, मध्येच "जा" म्हणून हलणाऱ्याला अवघड.

रात्री एखाद्या जीटी गाडीच्या आतला कॅमेरा दाखवला की हातातलं काम सोडून बघा. मुल्सानचा रस्ता, दोन्ही बाजूला काळी झाडं. आरशात दूरवर पांढरा ठिपका. दुसऱ्या शिकेनला ब्रेक लागेपर्यंत तो ठिपका अख्खा आरसा व्यापतो, काचेवर प्रकाश पसरतो, चालकाचे हातमोजे उजळतात. चालक स्टिअरिंग तसूभरही हलवत नाही. मग डावीकडून आवाज येतो, लाल शेपटीचा दिवा पुढे सरकतो आणि आरसा पुन्हा काळा होतो. चार सेकंदांत संपतं. आत बसलेला माणूस ब्रॉन्झ असेल तर हे तो रात्रभर शेकडो वेळा सहन करतो.

आता तुमच्या हायपरकारकडे बघताना हेच उलट बाजूने बघा. पोर्शे वळणांच्या तोंडावर जीटी गाठली तर चांगला चालकही कधी कधी थांबतो आणि चार सेकंद सोडून देतो, कारण तिथे दोन गाड्यांना जागा नाही. कोण कुठे थांबतो आणि कोण घुसतो, हे तासभर लक्ष देऊन बघितलं की चालकांचे स्वभाव कळायला लागतात.

पिटमध्ये काय बघायचं

हायपरकार साधारण बारा फेऱ्यांनी, म्हणजे चाळीस-बेचाळीस मिनिटांनी पिटमध्ये येते. इंजिन बंद, आधी इंधन. इंधनाची नळी निघाल्याशिवाय टायरला हात लावता येत नाही, म्हणून टायर बदलायचे तर वेळ जास्त जातो. त्यामुळे संघ एकच टायरसंच तीन-तीन, चार-चार टप्पे (एका पिट स्टॉपपासून पुढच्यापर्यंत एक टप्पा) चालवतात. वहीत "टायर बदलले" किंवा "तेच टायर" असं लिहाच. पहाटे एखादी गाडी अचानक मंद का झाली, त्याचं उत्तर बहुतेक वेळा या रकान्यात सापडतं. नवे टायर थंड असतात, म्हणून पिटमधून निघाल्यावर पहिली फेरी धोक्याची.

एका चालकाला एकूण १४ तासांपेक्षा जास्त आणि कोणत्याही सहा तासांत चार तासांपेक्षा जास्त गाडी चालवता येत नाही. चालक बदलताना होणारी धावपळ गंमत म्हणून बघू नका. २०२३ मध्ये फाबियो शेररच्या पायावरून पिटमध्ये दुसरी गाडी गेली आणि पाय मोडला. तो तसाच चालवत राहिला आणि त्याच्या संघाने एलएमपी२ गट जिंकला.

पिवळा झेंडा आला की

अपघात एका कोपऱ्यात झाला तर फक्त तेवढ्या भागात स्लो झोन लागतो आणि तिथे ताशी ८० किलोमीटरची मर्यादा असते. मोठं काही झालं तर सेफ्टी कार, म्हणजे सगळ्यांना आपल्या मागे हळू चालवायला लावणारी आयोजकांची गाडी. रस्ता इतका लांब की सुरुवातीला तीन सेफ्टी कार वेगवेगळ्या ठिकाणी निघतात. मग २०२३ पासूनच्या पद्धतीप्रमाणे सगळ्या गाड्या एकीच्या मागे गोळा करतात आणि गटवार रांग लावतात. म्हणजे मिनिटभराची आघाडी पुसली जाऊ शकते. सेफ्टी कार आली की वहीत आडवी रेघ मारा आणि तिन्ही गाड्यांचं अंतर नव्याने लिहा. जुन्या अंतरावर काहीही अवलंबून ठेवू नका.

कधी झोपायचं

सुरुवातीचे दोन तास बघा, रात्री साडेनऊपर्यंत. मग जेवा आणि एक वाजेपर्यंत झोप घ्या. दीड ते चार हा भाग मात्र चुकवू नका. सूर्य मावळतो, ब्रेकच्या चकत्या लाल होऊन दिसायला लागतात, आणि गर्दीतून वाट काढण्याचं कौशल्य सर्वांत स्पष्ट दिसतं ते तेव्हाच. चारला पुन्हा झोपा. सकाळी नऊला उठून चहा घेऊन बसलात की तिथे उजाडताना सापडतं.

पाऊस असेल तर ही आखणी मोडते. २०२४ मध्ये तिथल्या पहाटे पावसामुळे चार तासांहून जास्त वेळ सेफ्टी कार पुढे होती. असं काही दिसलं तर मोकळ्या मनाने झोपून घ्या.

शेवटचे चार तास

रविवारी दुपारी साडेतीननंतर कुणाकडे जायचं ठरवू नका. २०२४ मध्ये आघाडीच्या ५० क्रमांकाच्या फेरारीचं दार उघडं राहिलं म्हणून तिला जादा पिटमध्ये बोलावलं, मग इंधन पुरेल की नाही असा प्रश्न आला आणि ती अखेर १४.२२१ सेकंदांनी जिंकली. २०१६ मध्ये टोयोटाची ५ क्रमांकाची गाडी आघाडीवर होती आणि शेवटची काही मिनिटं उरली असताना काझुकी नाकाजिमाने रेडिओवर सांगितलं की गाडीत ताकदच उरली नाही. पोर्शे पुढे गेली. टोयोटाने शेवटची फेरी कशीबशी पूर्ण केली, पण ती सहा मिनिटांपेक्षा जास्त वेळात झाल्यामुळे निकालात तिला जागाच मिळाली नाही. चोवीस तास चालवलेल्या गाडीच्या नावापुढे क्रमांक नाही.

शेवटच्या तासात तिन्ही पानं समोर उघडी ठेवा. प्रत्येक गाडीला अजून किती पिट स्टॉप लागतील ते फेऱ्यांवरून मोजा आणि गटातल्या पुढच्या-मागच्या गाडीचंही मोजा. पडद्यावरचं अंतर वीस सेकंद असलं आणि पुढच्याला एक स्टॉप बाकी असला, तर तुमची गाडी प्रत्यक्षात पुढे आहे.

आणि चौकड्यांचा झेंडा पडल्यावर निकाल वहीत पेन्सिलने लिहा. नंतर गाड्यांची तांत्रिक तपासणी होते. २०२५ मध्ये चौथी आलेली ५० क्रमांकाची फेरारी मागच्या पंखाच्या मुद्द्यावर बाद झाली. माझ्या वहीत तो चार आकडा पेनने लिहिलेला आहे, खोडून त्याच्या वर दुसऱ्या गाडीचा क्रमांक.